क्यूरेटरचे वडील

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
२१ जानेवारी २०२५

भावजी,

नमस्कार पत्राच्या शेवटी करीन, तोवर करावासा वाटला तर.

फोनच केला असता, पण तुम्ही कानातलं यंत्र टेबलावर काढून ठेवता आणि समोरच्यालाच नीट बोलायला सांगता. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमधून तर मागच्या दिवाळीत रागावून निघून गेलात. तेव्हा कागद घेतला. नागपूरला पस्तीस वर्षं मुलींचे निबंध तपासलेत, चुका काढताना माझा हात थकत नाही.

काल सुट्टी होती. आमच्या चिरंजिवांनी ठरवलं की घरच्यांना थोडी संस्कृती दाखवावी. इथल्या लायब्ररीतून म्युझियमचा पास मिळतो, तो सूनबाई इशिताने तीन आठवडे आधी राखून ठेवला होता. बॉस्टनला म्युझियममध्ये आम्ही एकूण सव्वा तास होतो, त्यातला निम्मा कॅफेत. परीक्षित प्रत्येक दालनाच्या दारातून डोकावायचा आणि 'डन' म्हणायचा. सूनबाईंनी फोटो काढले, त्यात चित्रं कमी आणि आम्ही जास्त आहोत. एका चित्रापुढे मी अनुष्काला विचारलं, कसं वाटतंय गं? ती म्हणाली, "इट्स सो ब्राउन, आजी." नऊ वर्षांची आहे, आणि आमच्यापैकी चित्राकडे बघून चित्राबद्दल बोललेली ती एकटीच.

ते चित्र कसं होतं ते सांगते. १८८६च्या सुमाराचं, बॉस्टनचंच. थंडीतली संध्याकाळ. एका बाजूला बाग, तिच्यात बर्फ आणि पानं झडलेली झाडं. दुसऱ्या बाजूला रस्ता, त्यावर घोड्यांच्या ट्रामगाड्या एकीमागे एक, आणि फुटपाथवरून घरी निघालेली माणसं. पुढे बर्फाच्या कडेला एक उंची कपड्यांतली बाई आणि दोन लहान मुली चिमण्यांना दाणे घालतायत. मी तिथे थांबले, कारण तोवरच्या दालनांत देव, सरदार आणि फळांच्या परड्या बघून कंटाळले होते. इथे निदान माणसं कामावरून सुटलेली होती.

आणि चित्राच्या शेजारी, भिंतीला न टेकता, गडद निळा कोट, कमरेला वॉकीटॉकी आणि छातीवर नावाची पट्टी लावून तुमची देवयानी उभी होती.

दोन वर्षांपूर्वी मी इथे आले तेव्हा तुम्ही मला विमानतळावरच सांगितलंत की ती म्युझियममध्ये क्यूरेटर आहे, चित्रं निवडून प्रदर्शनं मांडणारी मोठी अधिकारी. तुमच्या मराठी मंडळात तर तुम्ही ते स्टेजवरून सांगितलं म्हणे. मी भेटायचं म्हटलं की तिचा मेसेज यायचा, 'बिझी आहे मावशी.' मला वाटायचं, क्यूरेटर लोकांना काम असणारच.

परीक्षितने तिला पाहिलं, खिशातून फोन काढला आणि बघत बघत पुढच्या दालनात गेला. माझाच मुलगा, दुसऱ्या कोणाला नावं ठेवू? देवयानी अगदी हळू म्हणाली, "मावशी, ड्यूटीवर बोलता येत नाही. अडीचला ब्रेक आहे माझा." तेव्हा दीड वाजला होता. पार्किंग दोनपर्यंतचं होतं, म्हणून सख्ख्या भाचीला न भेटता मी परत आले. गाडीत परीक्षित म्हणाला, हे कोणाला सांगू नकोस, मोरेश्वरकाकांना ऑकवर्ड होईल. मी म्हटलं, फक्त त्यांनाच सांगते.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. खोटं का बोललात? आणि माझ्या बहिणीची, लताची मुलगी बापाच्या घरी का येत नाही?

शोभना


एडिसन, न्यू जर्सी
२९ जानेवारी २०२५

शोभना,

आशीर्वाद सुरुवातीलाच देतो. मी मोठा आहे, मला वाट बघण्याची गरज नाही.

तू माझ्यावर खोटेपणाचा आरोप केला आहेस. क्यूरेटर या शब्दाचा मूळ अर्थ सांभाळणारा. डिक्शनरी उघडून पाहा. देवयानी चित्रं सांभाळते. मी खोटं बोललो नाही, राउंड ऑफ केलं.

आणि तू मंडळात कधी बसली आहेस? इथे ज्याचा त्याचा मुलगा डायरेक्टर झालेला असतो. कशाचा डायरेक्टर हे विचारायचं नाही, असा अलिखित नियम आहे. आमच्या गल्लीतल्या सिद्धेशने मुलाच्या नोकरीचं पद सांगायला एवढा वेळ घेतला की मधे चहा येऊन गेला. अशा माणसांत मी काय सांगायचं होतं? की माझी मुलगी कॉम्प्युटर सायन्समध्ये मास्टर्स झाली, चांगल्या कंपनीत खुर्ची होती, खिडकी होती, ते सोडून ती आता भिंतीशी उभी राहते? उरलेल्या वेळात घरी चित्रं काढते म्हणे. ती कोणी पाहिलेली नाहीत. उभं राहायचं काम तेवढं सगळे पाहतात.

ती का येत नाही, ते तिला विचार. चार वर्षांपूर्वी तिने नोकरी सोडल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा थोडी बाचाबाची झाली. मी एखादा शब्द जास्त बोललो असेन. बाप बोलतो. तिने फोन ठेवला तो ठेवलाच. हल्ली मुलांना एवढंतेवढं लागतं.

राहता राहिलं तुझं चित्र. मी लायब्ररीत जाऊन त्याची प्रिंट काढून आणली. एकतीस वर्षं मी काउंटीच्या रोड डिपार्टमेंटमध्ये सिग्नलांची वेळ लावण्यात घालवली, ट्रॅफिकच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. ते ट्रॅफिक जॅमचं चित्र आहे. त्यात पुढे बाई कशाला आणून उभी केली, ते चित्रकाराला माहीत. ट्रामगाड्या चालत्या नाहीत, थांबलेल्या आहेत. चालत्या गाड्यांत एवढं कमी अंतर असतं तर मागचे घोडे पुढच्या गाडीत शिरले असते. चित्रकाराने हे समजून काढलं की त्याच्या हातून बरोबर निघालं, एवढंच मला कळलं नाही. तुझ्या भाचीला विचार. रोज आठ तास त्याच्याशेजारी उभी असते, निदान इतकं तरी तिला माहीत असायला हवं.

मोरेश्वर


श्रूजबरी
१४ फेब्रुवारी २०२५

भावजी,

तुमचं राउंड ऑफ वाचून दिवसभर हसले. आमच्या शाळेत पस्तीसच्या खालच्या मुली असंच म्हणायच्या.

बुधवारी मी बॉस्टनला जाऊन आले. एकटी. घरी सांगितलं, सीनियर सेंटरमध्ये भजन आहे. या घरात मी भजनाला जाते म्हटलं की कोणी पुढे काही विचारत नाही, तसदी नको म्हणून. वूस्टरहून ट्रेन घेतली. तिकीट मशीनमधून काढलं, उलट्या बाजूच्या प्लॅटफॉर्मवर थांबले, एका शिकणाऱ्या मुलीने धावत येऊन सांगितलं म्हणून गाडी मिळाली. एकूण काय, प्रवास झाला.

अडीचला देवयानी ब्रेकवर आली. खाली एक बाक आहे, तिथे बसलो. केस कापलेत. बारीक झाली आहे, पण चेहरा उतरलेला नाही. मी नेलेले मेथीचे ठेपले तिने एका दमात संपवले आणि मग विचारलं, "बाबांनी पाठवलं का तुला?" मी म्हटलं, तुझे बाबा कोणाला कुठे पाठवतात? त्यांनी फक्त एक प्रश्न पाठवलाय, आणि तुमचं घोड्यांचं गणित सांगितलं.

तिने रिकाम्या डब्याला झाकण लावून तो माझ्याकडे सरकवला. मला वाटलं, चुकले. मग म्हणाली, "त्यांना सांग, गाड्या थांबलेल्याच आहेत. चित्रकाराला ते माहीत होतं. पण ते अख्खा वेळ गाड्यांकडेच बघतायत. त्या बाईकडे बघायला सांग. एवढी गर्दी घरी चाललीय आणि ती पाठ करून चिमण्यांना दाणे घालतेय. तिने गर्दीला बाजूला केलंय की गर्दीने तिला, हे मला चार वर्षांत ठरवता आलेलं नाही."

मी म्हटलं, चार वर्षं एकच चित्र? ती म्हणाली, ड्यूटीची दालनं बदलतात, पण ते मिळालं की बरं वाटतं. लोक चित्रापुढे सरासरी आठ सेकंद थांबतात. तिने मोजलं आहे. मोजत बसायची सवय कोणाच्या घरातून आली, ते मी सांगायला नको.

तुम्हाला तिच्या उभं राहण्याची लाज वाटते. भावजी, मीही पस्तीस वर्षं वर्गावर उभी होते. तेव्हा तुम्ही मंडळींत माझी ओळख 'आमची मेव्हणी, शिक्षिका आहे' अशी मान ताठ करून द्यायचात. माझ्यापुढे फळा होता म्हणून का?

तुमचं भांडण कशावरून झालं ते मी विचारलं. तिने सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं, तिने दोन्ही वेळा पाण्याची बाटली उघडून बंद केली. तुम्ही लिहिलंय, 'एखादा शब्द.' तो शब्द कोणता?

शोभना


एडिसन
२२ फेब्रुवारी २०२५

शोभना,

'गाड्या थांबलेल्याच आहेत' हे तिने कबूल केलं, याची नोंद घेतली आहे.

बाईकडे पाहिलं. भिंगातून पाहिलं. बाईला काम नाही, एवढंच दिसलं. ज्या शहरात संध्याकाळी पाचला एखाद्या बाईला चिमण्यांकडे लक्ष द्यायला फुरसत असते, त्या शहरात तिचा संसार चालवायला दुसरी माणसं त्या ट्रामगाड्यांत कोंबलेली असतात. चित्रकार उंची कपड्यांच्या बाईला पुढे काढतो आणि कष्टाची माणसं मागे पुसट करतो. कलेचं हे असंच असतं. तिला विचार, त्या पुसट माणसांपैकी एकाचं तरी तोंड धड काढलंय का?

शिवाय तिला एक गोष्ट सांग, जी तिच्या म्युझियमच्या पाटीवर नसेल. त्या रस्त्यावरची ट्रामची कोंडी पुढे इतकी वाढली की दहा-अकरा वर्षांत बॉस्टनवाल्यांनी त्याच रस्त्याखालून बोगदा खणून गाड्या जमिनीखाली नेल्या. अमेरिकेतला पहिला सबवे. म्हणजे चित्रकार ज्याच्याकडे संध्याकाळची शोभा म्हणून पाहत होता, त्याच्याकडे कोणी इंजिनिअर दुखणं म्हणून पाहत होता. त्या इंजिनिअरचं चित्र कोणी काढलं नाही.

गाड्या नेमक्या किती आहेत ते तिला मोजायला सांग. माझ्या प्रिंटमध्ये मागच्या सगळ्या एकमेकींत मिसळल्या आहेत.

आठ तास उभं राहणाऱ्या माणसाने चपटे बूट घालू नयेत. टाचेची दुखणी पुढे कायमची होतात. आमच्या खात्यात चौकात उभे राहून गाड्या मोजणारे लोक असत, त्यांचे पाय मी पाहिले आहेत. हे तिला माझं म्हणून सांगू नकोस, सर्वसाधारण माहिती म्हणून सांग.

तो शब्द मला आठवत नाही. चार वर्षं झाली.

मोरेश्वर


श्रूजबरी
१३ मार्च २०२५

भावजी,

काल मी पुन्हा गेले होते. आता दर बुधवारी भजन असतं.

तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. टाचांचा भागसुद्धा. सर्वसाधारण माहिती म्हणून सांगायचं होतं, पण मला अभिनय येत नाही. ती हसली, भावजी. लता हसायची तशीच, आधी खांदे आणि मग आवाज. सबवेचं तिला ठाऊक नव्हतं. ते तिने वहीत लिहून घेतलं. गाड्या मोजता येत नाहीत म्हणाली, कारण मागच्या गाड्या म्हणजे नुसते ब्रशचे फटकारे आहेत, चित्राजवळ गेलं की गाडी राहत नाही, रंग राहतो. पुसट माणसांबद्दल म्हणाली, बाबांचा मुद्दा खरा आहे, मी घरी तेच काढायचा प्रयत्न करतेय, दिवसभर मागे उभी असलेली माणसं. त्यांची तोंडं धड काढायची. जमत नाहीये अजून.

हे सगळं इतकं सहज चाललं होतं की मी तिसऱ्यांदा विचारलं. आणि तिने सांगितलं.

तुम्हाला आठवत नाही म्हणून लिहिते. तुम्ही फोनवर तिला म्हणालात, "बरं झालं तुझी आई गेली. हे बघायला राहिली नाही."

याला तुम्ही एखादा शब्द म्हणता. मी शब्द मोजले, नऊ आहेत. आई जाऊन दीड वर्ष झालेल्या मुलीला. तुमचा तिरकसपणा आम्ही सगळ्यांनी आजवर गंमत म्हणून घेतला. लताने तर आयुष्यभर घेतला, मंडळींत हसून, घरी गप्प राहून. तुम्हाला वाटत राहिलं की आपण फार मार्मिक बोलतो. तुम्ही मार्मिक नव्हता, भावजी, तुम्हाला कोणी अडवलं नाही इतकंच.

आता माझं सांगते, कारण मी काही स्वच्छ नाही. लताने जाण्याआधी दोन महिने मला पत्र लिहिलं होतं. ते मी नागपूरहून येताना बरोबर आणलं, आजवर कोणाला दाखवलं नाही. त्यातलं उतरवून देते.

'देवयानीने मला बॉस्टनला नेलं होतं. व्हीलचेअर घेतली, मला आधी लाज वाटली, मग मजा आली. म्युझियममध्ये तासभर बसलो. तिथेच तिने सांगितलं, आई, मला ही नोकरी नको, चित्रं काढायची आहेत. पोट भरायला दुसरं काहीही करीन. मी म्हटलं, सोड. तीस वर्षांची होशील, अजून किती दिवस दुसऱ्यांना आवडतं ते करणार? ह्यांना मी सांगेन, जरा बरी झाले की. हे आधी थट्टा करतील, मग चार दिवस बोलणार नाहीत, मग स्वतःच तिच्यासाठी रंगांची दुकानं शोधत फिरतील. तू मात्र इतक्यात बोलू नकोस.'

ती बरी झाली नाही. मी बोलले नाही. आधी तुमची अवस्था बघवत नव्हती म्हणून, मग दिवस गेले म्हणून, आणि मग, खरं सांगते, सोपं होतं म्हणून. मी हे पत्र वेळेवर तुमच्या हातात दिलं असतं तर ते वाक्य तुमच्या तोंडून निघालं नसतं. ते माझ्यावर आहे.

पण देवयानीला सगळं माहीत होतं. आईनेच तिला सोड म्हटलं, हे ऐकवून ती तुम्हाला त्याच क्षणी गप्प करू शकली असती. मी विचारलं, का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "सांगितलं असतं तर ते आईला हसले असते. आणि तेव्हा आई नव्हती."

शोभना


श्रूजबरी
३ एप्रिल २०२५

भावजी,

तीन आठवडे झाले. पत्र मिळालं असणार, पोस्टाला इतका दोष देता येत नाही.

रागावला असाल तर रागवा, पण कागदावर रागवा. गप्प बसून कोणाला तरी शिक्षा करायची ही तुमची जुनी रीत आहे, लता तिला 'संप' म्हणायची. मी लता नाही, मी चहा घेऊन दाराशी येणार नाही.

इथेही झालंच. सीनियर सेंटरमध्ये बुधवारी भजन नसतं, हे परीक्षितला कळलं. मला जेवणाच्या टेबलावर म्हणाला, आई, तू खोटं बोलतेस? मी म्हटलं, त्या दिवशी बहिणीला पाहून फोन काढलास, त्या फोनवर काय होतं ते आधी सांग.  पुढच्या बुधवारी तो मला स्टेशनला सोडायला आला.  मी गाडीतून उतरताना एक डबा दिला, देवयानीसाठी. इशिताने केलेला पुलाव होता. बरा होता.

तब्येत बरी आहे ना, एवढं तरी कळवा.

शोभना


क्विन्सी, मॅसॅच्युसेट्स
१३ एप्रिल २०२५

शोभना,

वरचा पत्ता वाचून तू चष्मा पुसला असशील. पत्ता बरोबर आहे.

तुझं मार्चचं पत्र आलं त्या दिवशी मी तुझ्यावर इतका संतापलो होतो की तीन उत्तरं लिहून फाडली. पहिल्यात तुला पाच वर्षांच्या गप्प राहण्याबद्दल झोडपलं होतं. दुसऱ्यात लताला. तिसरं लिहिताना झोडपायला कोणी उरलं नाही. ते वाक्य मला आठवत होतं. पहिल्यापासून, शब्दन् शब्द. आठवत नाही असं मी तुला लिहिलं, ते राउंड ऑफ नव्हतं.

पाडव्याला मंडळाचं जेवण होतं. श्रीखंड वाढता वाढता एक बाई मोठ्याने म्हणाल्या, आमच्या मुलीला म्युझियममध्ये इंटर्नशिप हवी आहे, तुमच्या क्यूरेटर मुलीशी बोलाल का? मी म्हटलं, माझी मुलगी क्यूरेटर नाही, गार्ड आहे. मी चार वर्षं तुम्हाला थाप मारत होतो.  सिद्धेशने ताटातली कोशिंबीर खूप लक्ष देऊन पाहिली. मग त्या बाई म्हणाल्या, अय्या, हो का, छानच की. मला वाटलं होतं जमीन दुभंगेल. त्यांनी विषय बदलून पुरीला तेल फार झालंय म्हटलं. या माणसांच्या मताला घाबरून मी मुलीचं काम लपवत होतो. त्यांना मत नव्हतंच.

गुरुवारी ट्रेनने बॉस्टनला आलो. अकराला म्युझियममध्ये पोचलो. देवयानी त्या दालनात नव्हती. तिथे एक उंच म्हातारा गार्ड होता, त्याने सांगितलं, ती एकला येईल. मी थांबलो. दोन तास, उभा. बसायला बाक होता, बसलो नाही.

एकशे चौदा माणसं आली. चित्रापुढे थांबली एकोणीस. त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं तिघांनी, आणि तिघांनाही बाथरूम कुठे ते हवं होतं. चौथा मी, आणि मला माझी मुलगी हवी होती.

चित्र माझ्या प्रिंटसारखं अजिबात नाही. लायब्ररीच्या प्रिंटरने सगळ्याची माती केली होती. खऱ्या चित्रात रस्त्याच्या टोकाला उजेड आहे, तांबूस, आणि तो बर्फावर येतो. तरी बाईबद्दलचं माझं मत मी बदललेलं नाही.

एक वाजता ती आली. मला पाहिलं. म्हाताऱ्याशी दोन शब्द बोलून त्याच्या जागी उभी राहिली. मी घरून वाक्य ठरवून आणलं होतं, ते बोलायला पुढे गेलो, तर तिने फक्त मान हलवली. ड्यूटी. मग मी चित्राच्या एका बाजूला आणि ती दुसऱ्या बाजूला, असे दीड तास उभे राहिलो. मधे एकदा चष्मा लावून मागच्या गाड्या मोजायला वाकलो. ती अत्यंत सभ्य इंग्रजीत म्हणाली, सर, एक पाऊल मागे घ्या. मी घेतलं. चांगलं काम करते. आवाज चढवत नाही.

अडीचला आम्ही तुझ्या त्या बाकावर बसलो. मी सुरुवात करणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "बाबा, ते वाक्य पुन्हा म्हणा. फोनवर म्हणालात. आता माझ्याकडे बघून म्हणा."

मी म्हटलं, कशाला?

ती म्हणाली, "मला ते चार वर्षं ऐकू येतंय. तुम्हालाही एकदा ऐकू येऊ दे."

मी यंत्र कानातच ठेवलं होतं. तोंड उघडलं. 'बरं झालं' इथपर्यंत आलो. पुढे 'तुझी आई' एवढे दोन शब्द निघाले आणि मग काहीच निघेना. शोभना, तुला माहीत आहे, मला बोलायला कधी अडचण आली नाही. लता गेली तेव्हाही मी सगळ्यांशी व्यवस्थित बोललो होतो, हॉस्पिटलशी, भटजींशी. त्या बाकावर माझी मान वर होईना. समोरून शाळेच्या सहलीची पोरं चालली होती, त्यांच्यापुढे मी रडलो.

तिने हात पाठीवर वगैरे काही ठेवला नाही. तिला थांबून राहायची सवय आहे. मग घड्याळ बघून म्हणाली, माझा ब्रेक संपला, साडेपाचला सुटते, थांबायचं असेल तर थांबा. मी थांबलो.

ती क्विन्सीला एका खोलीत राहते. खोली म्हणजे सगळीकडे कॅनव्हास, मधे एक गादी. चित्रं पाहिली. सगळी उभ्या माणसांची. दुकानाच्या दाराशी उभा असलेला, लिफ्टपाशी थांबलेला, शाळेच्या क्रॉसिंगवर पाटी घेऊन उभी असलेली म्हातारी. तोंडं अजून जमलेली नाहीत, हे तिचं म्हणणं बरोबर आहे. एकाचं जमलंय. कुठलं ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, तेच मी फेकणार होते. आम्ही त्यावरून तासभर भांडलो.

परतीचं तिकीट शुक्रवारचं होतं. आज रविवार आहे. लताचं मूळ पत्र मला पाहायचं आहे. टपालाने पाठवू नकोस, बुधवारी येशील तेव्हा घेऊन ये. तुझ्यावर रागवायचं राहिलंय, तेही तेव्हाच उरकू.

काल संध्याकाळी तिने स्वयंपाक केला. मी मदतीला गेलो तर म्हणाली, बसा. वाढताना मान वर न करता म्हणाली, "मी माफ केलेलं नाही, बाबा."

मी म्हटलं, "मी अजून नीट मागितलीही नाही."

"मागा सावकाश," ती म्हणाली आणि आमटी पुढे सरकवली.

भात कच्चा राहिला होता. मी दोनदा घेतला.

मोरेश्वर